सातव्या दिवसाचं बिलिरुबिन

८२.८ आणि २३. हे दोन आकडे २००३ सालचे. दारूमुळे यकृताला तीव्र सूज येऊन रुग्णालयात आलेल्या आणि स्टेरॉइड सुरू केलेल्या २३८ रुग्णांचा हिशेब फ्रान्समधल्या डॉक्टरांनी मांडला. त्यांनी पाहिलं ते एवढंच : पहिल्या दिवशी रक्तातलं बिलिरुबिन किती होतं आणि सातव्या दिवशी किती. ज्यांचा आकडा सातव्या दिवशी पहिल्यापेक्षा खाली आला होता, त्यांच्यातले ८२.८ टक्के सहा महिन्यांनी हयात होते. ज्यांचा खाली आला नव्हता, त्यांच्यातले २३ टक्के.

दोन गटांत साठ टक्क्यांचा फरक, आणि तो दाखवणारी तपासणी तालुक्याच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये काही शे रुपयांत होते. ना जनुकांची चाचणी, ना परदेशी किट. कावीळ झाल्यावर सगळ्यात आधी केली जाते तीच.

पण मेडिसिनच्या वॉर्डात थोडा वेळ बसून पाहा. नातेवाइकांच्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात घडी पडलेले रिपोर्ट. प्रत्येक कागदावर पेनानं गोल केलेला असतो, आणि तो बहुतेकदा एसजीपीटीभोवती असतो. राउंडला आलेल्या डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच : ‘एसजीपीटी उतरलं का हो?’ उतरलं म्हटलं की चेहऱ्यावर हसू येतं. दारूच्या यकृतविकारात मात्र माणूस वाचणार की नाही, याबद्दल एसजीपीटी जवळपास काहीच सांगत नाही.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशींमधली विकरं. नव्या रिपोर्टांवर त्यांनाच एएसटी आणि एएलटी म्हणतात. पेशी फुटली की ती रक्तात सांडतात. म्हणजे हा आकडा सांगतो की आत तोडफोड चालू आहे; शिल्लक काय राहिलं ते सांगत नाही. विषाणूच्या काविळीत हे आकडे हजार-दोन हजारांवर जातात आणि त्यातले बहुतेक रुग्ण महिन्या-दीड महिन्यात ठणठणीत होतात. दारूच्या सुजेत दोन्ही आकडे सहसा चारशेच्या आतच राहतात, आणि माणूस दगावतो. त्यातही एसजीपीटी फसवं. ते तयार व्हायला आणि चालायला ब-६ जीवनसत्त्व लागतं, आणि जेवण सोडून पिणाऱ्याच्या अंगात नेमकं तेच कमी असतं. सिरॉसिस झालेल्या यकृतात तर फुटायलाच फारशा पेशी उरत नाहीत; तिथे एसजीपीटी ४० आलं तर ते रिकाम्या घरातल्या शांततेसारखं समजावं.

या दोन विकरांच्या गुणोत्तराचा उपयोग आहे, पण तो वेगळा. इटलीच्या फर्नांडो दे रितिस यांनी १९५७ मध्ये ते मांडलं. एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर दारूचा संशय बळावतो. हे गुणोत्तर कारणाकडे बोट दाखवतं, भविष्याकडे नाही. अमेरिकेत २०१६ साली तज्ज्ञांनी अल्कोहोलिक हेपॅटायटिस, म्हणजे दारूनं आलेली यकृताची ही सूज, ओळखण्याचे निकष ठरवले, त्यात ते दीडच्या वर असावं असं आहे. शिवाय एसजीओटी ५० च्या वर, पण दोन्ही विकरं ४०० च्या आत, बिलिरुबिन ३ च्या वर, आणि कावीळ सुरू होऊन आठ आठवडे उलटलेले नसावेत. या शेवटच्या अटीवर आपल्याकडे घोडं अडतं. काविळीची माळ, पानांचा रस, दर रविवारी औषध देणारा कुणीतरी, यांच्याकडे तीन-चार आठवडे सहज जातात, आणि माणूस रुग्णालयात येतो तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं.

मग पाहायचं कशाकडे? तोडफोड मोजणाऱ्या आकड्यांकडे नाही, काम मोजणाऱ्या आकड्यांकडे. यकृत रक्तातला पिवळा कचरा बाहेर टाकतं का, ते बिलिरुबिनवरून कळतं. निरोगी माणसात ते साधारण १.२ मिलिग्रॅमच्या आत असतं. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं का, हे प्रोथ्रॉम्बिन टाइम किंवा आयएनआर सांगतो. यातलं सातव्या क्रमांकाचं प्रथिन रक्तात जेमतेम काही तास टिकतं, त्यामुळे यकृत ढेपाळलं की हा आकडा दिवसभरात बोलू लागतो. अल्ब्युमिन उलट, त्याचं अर्धायुष्य सुमारे वीस दिवसांचं, म्हणून ते जुनी कहाणी सांगतं. आणि चौथं क्रिएटिनिन. ते यकृताचं नाहीच, मूत्रपिंडाचं. पण यकृत कोसळताना मूत्रपिंड सोबत गेलं, तर सगळं गणितच बदलतं.

हे आकडे एका सूत्रात बांधण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १९७८ सालचा, अमेरिकेतल्या विलिस मॅड्री यांचा. सूत्राचं आज वापरात असलेलं रूप तोंडी करता येईल इतकं सोपं आहे. रुग्णाच्या प्रोथ्रॉम्बिन टाइममधून लॅबचा कंट्रोल, म्हणजे निरोगी रक्ताचा टाइम, वजा करायचा, उरलेल्या सेकंदांना ४.६ ने गुणायचं, त्यात बिलिरुबिन मिळवायचं. उत्तर ३२ किंवा वर आलं तर आजार गंभीर.

करून पाहू. हिशेबापुरता एक माणूस घेऊ. खरा कुणी नाही, पण असे पुष्कळ असतात. त्यांना नाना म्हणू. वय ४८. बिलिरुबिन १४.२, प्रोथ्रॉम्बिन टाइम २१ सेकंद, कंट्रोल १३, आयएनआर १.८, क्रिएटिनिन १.१, अल्ब्युमिन २.६. एसजीओटी १६८, एसजीपीटी ६२. गुणोत्तर २.७, म्हणजे कारणाबद्दल फारशी शंका नाही. मॅड्रीचं गणित : २१ वजा १३ म्हणजे ८, आठ गुणिले ४.६ म्हणजे ३६.८, अधिक १४.२. एकूण ५१. बत्तिसाच्या बरंच वर.

आता नानांऐवजी सीमेवरचा माणूस घ्या. प्रोथ्रॉम्बिन टाइम १७, बिलिरुबिन ११. कंट्रोल १३ असेल तर उत्तर २९.४. हाच नमुना शेजारच्या लॅबमध्ये गेला, तिथलं रसायन वेगळं आणि कंट्रोल १२ सेकंद, तर उत्तर ३४. रक्त तेच, माणूस तोच, पण एका लॅबच्या हिशेबानं तो स्टेरॉइडचा रुग्ण आणि दुसरीच्या हिशेबानं नाही. एका सेकंदाची किंमत ४.६ गुण. आयएनआर हा आकडा निघाला तो लॅबालॅबांतला असा फरक पुसण्यासाठी, पण मॅड्रीचं सूत्र सेकंदांवरच अडून राहिलं. त्यात आणखी एक मेख. कावीळ असलेल्या माणसात के जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, आणि नुसत्या त्या कमतरतेनंही प्रोथ्रॉम्बिन टाइम लांबतो. म्हणून आधी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन मग पुन्हा मोजायचं असतं. कुणी घाईत प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या तर आकडा सुधारलेला दिसतो, यकृत जिथल्या तिथे.

बत्तीस म्हणजे नेमका किती धोका? या प्रश्नाचं उत्तर काळाप्रमाणे बदललंय, आणि मला हा भाग सगळ्यात बोधक वाटतो. १९८९ मध्ये अमेरिकेत ६६ रुग्णांवर चाचणी झाली. औषध न मिळालेल्या ३१ जणांपैकी ११ जण २८ दिवसांत गेले, म्हणजे ३५ टक्के. स्टेरॉइड मिळालेल्या ३५ जणांपैकी २ गेले, ६ टक्के. त्यानंतर पंचवीस वर्षं ‘बत्तिसाच्या वर म्हणजे तिघांत एक जातो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिलं. मग ब्रिटनमध्ये ६५ रुग्णालयांनी मिळून ‘स्टोपा’ नावाची मोठी चाचणी केली. ११०३ रुग्ण, निकाल २०१५ मध्ये. सगळ्यांचा मॅड्री आकडा ३२ किंवा वर. नुसतं प्लासिबो मिळालेल्या गटात २८ दिवसांत गेले १७ टक्के. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गटात १४, पेंटॉक्सिफायलिन या दुसऱ्या औषधाच्या गटात १९, दोन्ही मिळालेल्यांत १३.

उंबरठा तोच, मग ३५ चे १७ कसे झाले? काही अंशी रुग्णालयातली देखभाल सुधारली. काही अंशी चाचणीत घेतलेली माणसं वेगळी. मूत्रपिंड पार निकामी झालेले, रक्ताच्या उलट्या चालू असलेले, जंतुसंसर्ग आटोक्यात नसलेले रुग्ण स्टोपानं घेतलेच नाहीत. आणि काही अंशी ३१ जणांच्या गटातून काढलेला टक्का मुळातच डळमळीत असतो. दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली की तो दहानं हलतो. मुद्दा असा, की सूत्र आणि त्याच्या शेजारी छापलेला टक्का या दोन वेगळ्या गोष्टी. सूत्र माणसांना क्रमानं उभं करतं : हा त्याच्यापेक्षा जास्त धोक्यात. हे काम ते अजूनही बऱ्यापैकी करतं. टक्का मात्र ज्या काळात, ज्या वॉर्डात मोजला तिथला असतो. १९८९ चा टक्का आज नातेवाइकांना सांगणं म्हणजे जुन्या दरपत्रकावरून बिल करण्यासारखं आहे.

स्टोपाचा आणखी एक आकडा. प्रेडनिसोलोन घेतलेल्यांत गंभीर जंतुसंसर्ग १३ टक्के, न घेतलेल्यांत ७. औषध सूज दाबतं आणि त्याबरोबर प्रतिकारशक्तीही. त्यामुळे ‘कुणाला द्यायचं’ इतकाच ‘कुणाचं थांबवायचं’ हाही प्रश्न, आणि तो सोडवायला सातवा दिवस लागतो.

तिकडे जाण्याआधी मेल्ड. हे सूत्र खरं तर या आजारासाठी जन्मलंच नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २००० च्या सुमारास ते तयार झालं, यकृताच्या रक्तवाहिन्यांमध्ये वळणमार्ग बसवण्याच्या प्रक्रियेनंतर कोण जगेल हे ओळखण्यासाठी. २००२ पासून अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाची रांग त्यावर लागते. त्यात बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन; तिघांचे लॉगॅरिदम, म्हणून तोंडी होत नाही, मोबाइल लागतो. किमान ६, कमाल ४०. अल्कोहोलिक हेपॅटायटिसमध्ये मेल्ड २१ म्हणजे ९० दिवसांत दगावण्याची शक्यता साधारण २० टक्के, असं २००५ च्या अभ्यासात दिसलं आणि २० च्या वर ही रेघ रूढ झाली.

नानांचा मेल्ड येतो २४. आता बाकी सगळं जागच्या जागी ठेवून फक्त क्रिएटिनिन १.१ चं २.२ करा. मेल्ड ३१. कावीळ तेवढीच, रक्त तेवढंच पातळ, डोळे तेवढेच पिवळे, आणि सात गुणांची उडी. मॅड्रीच्या सूत्राला ही उडी दिसतच नाही, त्यात मूत्रपिंडच नाही. वॉर्डातल्या नर्सेस लघवीचं माप रोज लिहून ठेवतात ते उगाच नाही.

पण क्रिएटिनिनचंही एक गुपित आहे. ते स्नायूंमधून येतं. काटकुळे हातपाय आणि फुगलेलं पोट अशा माणसात स्नायूच उरलेले नसतात, त्याचं १.१ हे धडधाकट माणसाच्या १.१ पेक्षा जास्त काळजीचं. बायकांमध्ये स्नायू मुळातच कमी, म्हणून त्यांचा मेल्ड वर्षानुवर्षं कमी निघत राहिला आणि रांगेत त्या मागे पडत राहिल्या. हे सुधारायला मेल्डची तिसरी आवृत्ती आली. अमेरिकेत जुलै २०२३ पासून ती लागू आहे. तिच्यात अल्ब्युमिन आलं, आणि स्त्री असल्यास १.३३ गुण जादा. आकड्यांच्या सूत्रातही पुरुष गृहीत धरलेला असतो, हे लक्षात यायला वीस वर्षं गेली.

याखेरीज ग्लासगोचा गुणांक आहे. त्यात वय, पांढऱ्या पेशी आणि युरिया येतात. बार्सिलोनाचा ‘एबीआयसी’ आहे. त्यानं २००८ मध्ये रुग्णांचे तीन गट केले, आणि ९० दिवसांनी हयात असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे १००, ७० आणि २५ टक्के निघालं. वैद्यकात शंभर टक्के दिसले की मी चष्मा पुसून पुन्हा वाचतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की त्या गटात माणसं कमी होती.

आता सातवा दिवस. २००३ च्या त्या साध्या निरीक्षणाला फ्रान्समधल्याच लील शहरातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये सूत्राचं रूप दिलं. ३२० रुग्णांवर ते बांधलं आणि वेगळ्या ११८ रुग्णांवर तपासलं. वय, अल्ब्युमिन, मूत्रपिंड, प्रोथ्रॉम्बिन टाइम, पहिल्या दिवसाचं बिलिरुबिन आणि पहिल्या-सातव्यातला फरक. उत्तर शून्य ते एकच्या मध्ये. ०.४५ च्या खाली असलेल्यांत सहा महिन्यांनी हयात ८५ टक्के, वर असलेल्यांत २५. म्हणजे २००३ चीच गोष्ट, जरा चोख तोललेली. ०.४५ च्या वर गेलं तर स्टेरॉइड काम करत नाही असं समजून थांबवतात; फायदा नसताना जंतुसंसर्गाची जोखीम कशाला? चौथ्या दिवशीच्या आकड्यावरूनही जवळपास तेवढाच अंदाज येतो, असं पुढे २०१७ मध्ये दिसलं.

नानांचं सातव्या दिवशीचं बिलिरुबिन १०.५ आलं असं धरू. लीलचं उत्तर ०.१९. आणि १५.८ आलं तर? ०.५२. सुरुवात एकच, पहिल्या दिवसाचा प्रत्येक आकडा तोच. पण एका नानांना डॉक्टर औषध चालू ठेवतात आणि दुसऱ्या नानांच्या मुलाला बाजूला बोलावून घेतात.

इथे घरच्यांचा एक नेहमीचा गोंधळ होतो. सात दिवसांनी १४.२ चं १०.५, मग यात सुधारणा ती काय, डोळे तर हळदीसारखेच आहेत. खरं आहे. पण कावीळ लांबली की बिलिरुबिनचा एक भाग अल्ब्युमिनला पक्का चिकटतो, आणि तो अल्ब्युमिनच्याच चालीनं, आठवड्यां-आठवड्यांनी, रक्तातून जातो. चिकटलेलं बिलिरुबिन लघवीत उतरत नाही, म्हणून लघवी आधी स्वच्छ होते आणि डोळे मागून. यकृत सावरलेलं असतं, आकडा रेंगाळत असतो. त्यामुळे सातव्या दिवशी बिलिरुबिन किती आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेला चाललंय, हे बोलतं.

या सगळ्या सूत्रांना एक मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ०.४५ च्या वर गेलेल्या शंभरांतले पंचवीस जण जगतात. ते कोण, हे सूत्राला कळत नाही. २५ टक्के हा गर्दीबद्दलचा आकडा आहे. कॉटवरचा माणूस पंचवीस टक्के जगत नाही. आणि आकडा हातात आल्यावर करायचं काय, हा प्रश्न उरतोच. फ्रान्स-बेल्जियममधल्या सात केंद्रांनी असेच, औषधाला दाद न देणारे २६ रुग्ण निवडले आणि सहा महिने दारू सोडून दाखवण्याची नेहमीची अट बाजूला ठेवून त्यांना यकृत दिलं. २०११ मध्ये निकाल छापला : सहा महिन्यांनी ७७ टक्के हयात, तशाच, पण प्रत्यारोपण न झालेल्यांत २३. तिघं पुढे पुन्हा प्यायला लागले. ही निवड नुसत्या रक्तावर झाली नव्हती, आधार देणारं घर आहे का हेही पाहिलं गेलं. पण दार उघडलं ते लीलच्या आकड्यानं.

इथवरची गोष्ट वॉर्डात पोचलेल्यांची. त्यांच्या कितीतरी पट माणसं अजून कामावर जातात, संध्याकाळी बसतात, आणि त्यांना काहीही होत नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या १३.९ टक्के पुरुषांनी आपण पितो असं सांगितलं, गोव्यात ३६.९ टक्क्यांनी. देशाचा आकडा १८.८. हे सांगितलेलं पिणं आहे. दारात प्रश्नावली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोण किती खरं सांगतं ते ज्यानं त्यानं ठरवावं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या २०१९ च्या पाहणीत देशभरात १६ कोटी पिणारे निघाले आणि त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज असल्याचं म्हटलं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांत चरबीचं यकृत जवळपास सगळ्यांना होतं, सिरॉसिस साधारण दहा ते वीस टक्क्यांना. कोट्यवधींतून ते दहा-वीस टक्के आधीच ओळखायचे कसे? सगळ्यांच्या यकृताला सुई टोचता येत नाही.

यकृतातले व्रण हुडकण्याची सगळ्यात स्वस्त वाट फिब-४. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट्स आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकारानं भागायचं. १.३ च्या खाली असेल तर बहुधा काळजी नाही, २.६७ च्या वर असेल तर पुढच्या तपासण्या, मधलं सगळं धूसर. (आपल्याकडे प्लेटलेट्स लाखांत लिहितात, सूत्राला २.२ लाखाचे २२० हवेत. हे चुकलं की निरोगी माणसाचं उत्तर शंभरपट होतं आणि घरात रडारड होते.)

नानांचा धाकटा भाऊ घेऊ, वय ४४, तक्रार काही नाही. एसजीओटी ६२, एसजीपीटी ४०, प्लेटलेट्स २.२ लाख. फिब-४ येतो १.९६, धूसर पट्ट्यात. भावाची गत पाहून तो घाबरतो आणि सहा आठवडे बाटलीला हात लावत नाही. आता एसजीओटी ३४, एसजीपीटी ३०, प्लेटलेट्स तेवढ्याच. फिब-४ होतो १.२४. सहा आठवड्यांत यकृतातले व्रण पुसले गेले का? मुळीच नाही. पहिल्या वेळी गणितात गेल्या आठवड्याची दारू मिसळली होती, एवढंच. चरबीच्या यकृतासाठी सोयीची ही चाचणी पिणाऱ्या माणसात चढून दिसते ती अशी.

म्हणून व्रणाचंच साहित्य मोजणारी ईएलएफ चाचणी पुढे आली. तिच्यात तीन पदार्थ मोजतात : हायलुरोनिक ॲसिड, तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचा एक तुकडा, आणि कोलॅजन विरघळू न देणारं एक प्रथिन. डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या गटानं २०१८ मध्ये २८९ जणांवर ती बायोप्सीशी ताडून पाहिली आणि १०.५ ही रेघ भरवशाची ठरली. त्याच गटाचं २०२१ चं काम मला जास्त मोलाचं वाटतं. तिथे प्रश्न ‘आज व्रण किती’ हा नव्हता, ‘पुढे काय होणार’ हा होता. ४६२ जण, बहुतेकांना वरून काही त्रास नाही, मागोवा सरासरी चार वर्षांचा. पुढे पोटात पाणी, रक्ताची उलटी, शुद्ध हरपणं असलं काही कुणाला होईल, हे ईएलएफनं आणि यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅननं बायोप्सीपेक्षा चांगलं ओळखलं. ईएलएफ ९.८ च्या खाली असलेल्यांची वाट बरीचशी निर्धोक निघाली. सुई यकृताचा भाताच्या शितासारखा एक कण काढते. रक्त सगळ्या यकृतातून फिरून येतं. त्यामुळे मला यात नवल वाटत नाही.

२०२२ मध्ये याच डॅनिश मंडळींनी प्रथिनांचे अभ्यासक मॅथियास मान यांच्या प्रयोगशाळेबरोबर आणखी पुढचं टोक गाठलं. ५९६ जणांच्या रक्तातली शेकडो प्रथिनं एकदम मोजली आणि यंत्राला त्यातून निवड करू दिली. व्रण ओळखण्यात गुण मिळाले ०.९२, सूज ओळखण्यात ०.८७, चरबी ओळखण्यात ०.९०. ०.९२ म्हणजे ९२ टक्के अचूक असं वर्तमानपत्रांत छापून येतं. ते तसं नाही. व्रण असलेला एक आणि नसलेला एक अशा शंभर जोड्या केल्या, तर ९२ जोड्यांत चाचणी आजारी माणसाला वरचा आकडा देते, एवढाच अर्थ. हा क्रम लावण्याचा गुण आहे.

आणि चाचणी कुठे वापरता यावरही तिचं मोल ठरतं. समजा एक चाचणी आजारी माणसांतले नव्वद टक्के पकडते आणि निरोग्यांतल्या नव्वद टक्क्यांना बरोबर सोडते. गावातल्या हजार पिणाऱ्यांना ती केली, त्यातल्या शंभरांना खरोखर मोठे व्रण आहेत. ती नव्वद आजारी पकडेल आणि नऊशे निरोग्यांतले नव्वद चुकून धरेल. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या १८० जणांत निम्मे उगाच घाबरलेले. पण ‘निगेटिव्ह’ आलेल्या ८२० जणांत चुकलेले फक्त दहा. हीच चाचणी यकृताच्या क्लिनिकमध्ये करा, जिथे हजारांतले चारशे आजारी आहेत : पॉझिटिव्हांपैकी ८६ टक्के खरे निघतात, आणि निगेटिव्हांत चाळीस निसटतात. किट तेच, कागदावरचा शब्द तोच. गावात त्या शब्दानं सोडवायचं असतं, क्लिनिकात धरायचं.

आता परत नानांकडे. त्यांचा लीलचा आकडा ०.१९ आला, कावीळ ओसरत गेली, घरी गेले. इथून पुढे पहिल्या दिवसाच्या सूत्रांचा जोर संपतो. स्टोपाच्या रुग्णांत वर्षअखेरीस छपन्न टक्क्यांच्या आसपास मृत्यू झालेले होते, आणि औषधांच्या चारही गटांत त्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. पहिले तीन महिने बिलिरुबिन ठरवतं, त्यानंतर बाटली.

तीही रक्तात मोजता येते. गामा जीटी हे विकर दारूनं वाढतं, पण आणखी डझनभर कारणांनीही वाढतं. ‘पेथ’, म्हणजे फॉस्फॅटिडिल इथेनॉल, तसं नाही. तांबड्या पेशींच्या आवरणात अल्कोहोल असतानाच ते तयार होतं, दुसऱ्या कशानं नाही, आणि दोन ते चार आठवडे माग ठेवतं. २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे दारू नाही किंवा नगण्य. २०० च्या वर म्हणजे भरपूर आणि नेमानं. ‘एक थेंबही नाही हो डॉक्टर’ या वाक्याची ही तपासणी. ती कशी वापरावी याबद्दल माझं मत असं, की पकडायला नाही, विचारायला वापरावी. आकडा ८० आला तर ‘खोटं बोललात’ म्हणण्याऐवजी ‘कधी सुरू झालं पुन्हा?’ असं विचारणारा डॉक्टर पुढच्या तारखेला रुग्ण परत येताना पाहतो. पहिला डॉक्टर पाहत नाही.

तिसऱ्या महिन्यात नानांच्या फाइलला नवा कागद लागलाय. बिलिरुबिन १.९, आयएनआर १.२, क्रिएटिनिन ०.९, अल्ब्युमिन ३.३, पेथ २० च्या खाली. एसजीपीटी ३४. त्यांच्या बायकोनं त्या ३४ भोवती पेनानं गोल केलाय.